गल्ली, गोदाम, गाडी आणि गुलाबी भिंत: प्रत्येक प्रकारच्या गाण्याचा व्हिडिओ ठरलेलाच का दिसतो?

मोबाईलचा आवाज पूर्ण बंद करा आणि यूट्यूबवर कुठलेही दहा म्युझिक व्हिडिओ एकापाठोपाठ एक बघा. ओळखीचं एकही गाणं नसलं तरी चालेल. पडक्या गोदामात चार पोरं केस उडवत गिटार बडवताहेत, म्हणजे रॉक. अरुंद गल्लीत पंधरा-वीस मित्रांचा घोळका आणि मधला एकजण कॅमेऱ्यात बोट रोखून बोलतोय, म्हणजे रॅप. गुलाबी भिंतीची खोली, मग निळ्या भिंतीची खोली आणि सात जण एका तालात नाचताहेत, म्हणजे के-पॉप. बर्फाळ जंगल, काळं-पांढरं रंगवलेलं तोंड, म्हणजे नॉर्वेचं ब्लॅक मेटल. बंदरावर होड्या, लुगडं नेसलेल्या बायका, हवेत उडणारं जाळं, म्हणजे आपलं कोळीगीत.

आवाज नसताना हे कळतं, कारण प्रत्येक प्रकारच्या गाण्याची दृश्यं ठरून गेली आहेत. ती कुणी बसून ठरवलेली नाहीत. बहुतेक वेळा सुरुवात एखाद्या अडचणीतून झाली. पैसे नव्हते, वेळ नव्हता, जागा नव्हती. पण अडचण संपल्यावरही ती दृश्यं टिकली, कारण त्या त्या गाण्याच्या श्रोत्यांना पडणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर ती देत होती: हा गायक खरा कशावरून? रॉकच्या श्रोत्याला 'खरा' म्हणजे स्वतः वाजवणारा हवा असतो, रॅपच्या श्रोत्याला त्या वस्तीतला आणि के-पॉपच्या चाहत्याला घाम गाळून तयार झालेला. व्हिडिओ हा एका अर्थाने पुरावा असतो. आणि पुरावा म्हटलं की तो कधीकधी खरोखरच कोर्टात जातो. ते पुढे येईलच.

एमटीव्हीच्या आधी

म्युझिक व्हिडिओ एमटीव्हीने शोधला असं अनेकांना वाटतं. तसं नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात बार आणि हॉटेलांमध्ये नाणं टाकून छोटे संगीतपट दाखवणारी यंत्रं होती. त्या फिल्मना 'साउंडीज' म्हणत. १९६० मध्ये फ्रान्समध्ये 'स्कोपिटोन' नावाचं तसंच पण रंगीत यंत्र आलं. आपल्याकडे तर सिनेमाच गाण्यांनी भरलेला होता, त्यामुळे गाण्याचं चित्रण ही गोष्ट भारतीय प्रेक्षकाला नवी नव्हतीच.

आजच्या अर्थाने व्हिडिओची ताकद दिसली ती १९७५ मध्ये, क्वीन या ब्रिटिश बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मुळे. गाणं जवळपास सहा मिनिटांचं, मधला ऑपेराचा भाग एकावर एक चढवलेल्या आवाजांचा. टीव्ही स्टुडिओत उभं राहून त्याच्यावर नुसते ओठ हलवले असते तर हसं झालं असतं. म्हणून दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स यांनी चारेक तासांत व्हिडिओ उरकला. अंधारातून वर बघणारे चार चेहरे ही त्यातली चौकट आजही पोस्टरांवर, मीम्समध्ये वापरली जाते.

१ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. चोवीस तास व्हिडिओ दाखवायचे होते, पण पुरेसे व्हिडिओ होते कुठे? ब्रिटिश बँडकडे ते तयार होते, कारण तिथे टीव्ही कार्यक्रमांसाठी बनवायची पद्धत पडली होती. त्यामुळे सुरुवातीच्या एमटीव्हीवर रंगवलेले डोळे आणि फुगवलेले केस घेऊन वावरणाऱ्या ब्रिटिश पोरांची गर्दी झाली आणि 'व्हिडिओ असा दिसतो' हे त्या गर्दीने ठरवलं.

यात एक मोठी माणसांची रांग बाहेरच राहिली. एमटीव्ही स्वतःला रॉकचं चॅनल म्हणवून घेत होतं आणि त्या नावाखाली कृष्णवर्णीय कलाकारांचे व्हिडिओ क्वचितच लागत. १९८३ मध्ये डेव्हिड बोवीने एमटीव्हीच्याच मुलाखतकाराला, मार्क गुडमनला, मुलाखत सुरू असताना याचा जाब विचारला. आम्हाला लहान गावांतल्या प्रेक्षकांचाही विचार करावा लागतो, अशा आशयाचं गुळमुळीत उत्तर त्याला मिळालं. ही मुलाखत आजही दर काही महिन्यांनी व्हायरल होते, ती उगाच नाही. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' चॅनलवर लागलं, मग 'बीट इट' आणि डिसेंबरमध्ये 'थ्रिलर'.

'थ्रिलर' साडेतेरा मिनिटांहून मोठं आहे. दिग्दर्शक जॉन लँडिस सिनेमाचे. नायक-नायिका, भुतं, संवाद, शेवटी कलाटणी, आणि मधोमध प्रेतांचा नाच. नायक पुढे, मागे बाणाच्या टोकासारखी पसरलेली नर्तकांची फळी ही रचना 'बीट इट' आणि 'थ्रिलर' या दोन्हींत दिसते. दोन्हींत नृत्यदिग्दर्शक होते मायकल पीटर्स. आज गणपतीच्या मिरवणुकीपासून के-पॉपपर्यंत ती सगळीकडे आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत 'थ्रिलर'चा समावेश झाला. तो मान मिळालेला हा पहिला म्युझिक व्हिडिओ.

रॉक: वायर नसलेल्या गिटारी

रॉकचा दावा असतो, 'आम्ही स्वतः वाजवतो'. म्हणून व्हिडिओत वाद्यं हवीतच. ड्रमवर पडणारी काठी, तारांवरची बोटं, घाम, मानेची शीर. जागा म्हणजे गोदाम, गॅरेज, बंद कारखाना. ती स्वस्तात मिळते, आवाजाची तक्रार करायला शेजारी नसतात, आणि खिडकीतून आत येणारा उजेड थोडा धूर सोडला की फुकटात नाट्यमय दिसतो.

गंमत अशी की हा खरेपणाचा पुरावा जवळपास नेहमी खोटा असतो. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं, शूटिंगच्या वेळी स्पीकरवर वाजतंय आणि मंडळी त्यावर वाजवण्याचा अभिनय करताहेत. १९९२ च्या गन्स अँड रोझेसच्या 'नोव्हेंबर रेन'मध्ये गिटारवादक स्लॅश ओसाड माळावरच्या एका छोट्या चर्चबाहेर उभा राहून सोलो वाजवतो. गिटारला ना वायर, ना आसपास ॲम्प्लिफायर. कॅमेरा हेलिकॉप्टरमधून त्याच्याभोवती फिरतो आणि कुणालाही काही खटकत नाही. संकेत पक्का झाला की प्रेक्षक तर्क विचारत नाही. आपण तरी विचारतो का, शेतात नाचणाऱ्या हिरोच्या मागे शंभर व्हायोलिन कुठून वाजताहेत?

१९९१ मध्ये निर्वाणाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'ने या चकचकीतपणाला सुरुंग लावला. दिग्दर्शक सॅम्युअल बेयर. शाळेची व्यायामशाळा, मळकट पिवळा उजेड, कंटाळलेली पोरं, छातीवर अराजकतेचं चिन्ह असलेल्या चीअरलीडर. गर्दी करायला बँडचे चाहतेच बोलावले होते. तासन्‌तास बाकांवर बसवून ठेवल्यावर ती पोरं खरोखर वैतागली आणि शेवटी त्यांना मोकळं सोडलं, तेव्हाचा धिंगाणा व्हिडिओत दिसतो. मग पुढची अनेक वर्षं मळकट उजेड आणि कंटाळलेले चेहरे हाच रॉकचा गणवेश झाला.

एखादा संकेत किती रुजला हे बघायचं असेल तर त्याची नक्कल शोधावी. १९९२ मध्ये 'वियर्ड अल' यँकोविकने याच व्हिडिओचं विडंबन केलं, तेही त्याच स्टुडिओत आणि मूळ व्हिडिओत सफाई कामगार झालेल्या त्याच नटाला घेऊन.

रॅप: 'मी इथला' आणि 'मी इथून निघालो'

रॅपच्या व्हिडिओत दोन विधानं असतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पहिलं, मी याच वस्तीतला. त्यासाठी गल्ली, जिना, गच्ची, कोपऱ्यावरचं दुकान आणि सोबत सगळे मित्र. दुसरं, मी यातून वर आलो. त्यासाठी गाडी, सोन्याची साखळी, बंगला. गाडी बहुतेक वेळा भाड्याची असते, हे प्रेक्षकालाही ठाऊक असतं. कॅमेरा खालून वर बघतो म्हणजे माणूस मोठा दिसतो.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाइप विल्यम्स या दिग्दर्शकाने याला झगमगाट दिला. मिसी एलियटच्या १९९७ च्या 'द रेन'मध्ये तिने कचऱ्याच्या पिशवीसारखा दिसणारा फुगलेला काळा पोशाख घातलाय आणि समोर आहे फिशआय लेन्स. या लेन्समुळे मधली वस्तू फुगते आणि कडा वाकतात. कॅमेऱ्याकडे हात पुढे केला की तो राक्षसी मोठा दिसतो. रॅपर हातवारे करतच बोलतो, त्यामुळे लेन्स आणि प्रकार यांचं गोत्र जुळलं. पडद्याच्या प्रमाणात न बसणाऱ्या बाईला पडदाभर करण्याची ही युक्ती मला आजही त्या काळातल्या सगळ्या सोनेरी गाड्यांपेक्षा भारी वाटते.

याच्या अगदी उलट टोकाला ड्रिल. २०१२ मध्ये शिकागोतला चीफ कीफ हा किशोरवयीन मुलगा नजरकैदेत होता, आजीच्या घरी. बाहेर जायची सोय नाही, म्हणून 'आय डोन्ट लाइक'चा व्हिडिओ घरातच शूट झाला. खोलीत दाटीवाटीने मित्र, हातात धरलेला हलता कॅमेरा, बाकी काही नाही. हा व्हिडिओ इतका पसरला की भरलेली खोली आणि उड्या मारणारे मित्र ही ड्रिलची ओळखच झाली. नजरकैद नसलेली जगभरची मुलं तसंच शूट करू लागली.

लंडनमध्ये ड्रिल पोहोचलं तेव्हा त्यात तोंड झाकणारे मास्क आले. आणि इथेच पुराव्याचा प्रश्न गंभीर झाला. लंडनच्या पोलिसांचं म्हणणं होतं की हे व्हिडिओ टोळ्यांच्या भांडणात तेल ओततात. त्यांच्या विनंतीवरून २०१८ मध्ये यूट्यूबने असे सुमारे ३० व्हिडिओ काढून टाकले. जानेवारी २०१९ मध्ये स्केंगडो आणि एएम या जोडीला आपलं एक गाणं मंचावर म्हटल्याबद्दल नऊ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली, कारण त्यांच्यावर न्यायालयाचा मनाई आदेश होता. अमेरिकेतही रॅपच्या ओळी आणि व्हिडिओ खटल्यांत मांडले जातात. त्याला आळा बसावा म्हणून कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला. कलाकृती पुरावा म्हणून दाखवण्याआधी न्यायाधीशाने तिचं महत्त्व आणि त्यातून होणारा पूर्वग्रह तोलून बघावा, असा त्याचा रोख आहे.

इथे संकेत माहीत असणं ही नुसती हौस राहत नाही. बंदूक रोखणारा नट सिनेमात दिसला तर कुणी त्याला खुनी म्हणत नाही. रॅपर मात्र 'हे खरं आहे' असंच म्हणत गातो, कारण त्याच्या प्रकाराची तीच अट आहे. पोलीस ते शब्दशः घेतात. काही वेळा ते बरोबर निघतं, हेही खरं. पण मास्क, टोळकं आणि अंधारी गल्ली हा अर्ध्या जगातल्या ड्रिल व्हिडिओंचा साचा आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला प्रत्येक व्हिडिओ कबुलीजबाब वाटेल.

पंजाबातही हा वाद आहेच. तिथल्या गाण्यांत ट्रॅक्टर, जीप, शेतघर, कॅनडातला बर्फ यांच्या जोडीला बंदूक आली. २०२२ च्या मे महिन्यात गायक सिद्धू मूसेवाला याची हत्या झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंजाब सरकारने शस्त्रांचं जाहीर प्रदर्शन आणि शस्त्रांचं उदात्तीकरण करणारी गाणी यांवर बंदी घातली.

मुंबईच्या रॅपने मात्र या साच्यातून बंदूक काढून टाकली आणि गल्ली ठेवली. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये 'आफत' वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्यावरच काढला. पुढच्या वर्षी अंधेरीच्या डिवाइनसोबत 'मेरे गल्ली में' आलं. कॅरम, पत्र्याची छपरं, दोन घरांमधून जेमतेम एक माणूस जाईल अशी वाट. २०१९ च्या 'गली बॉय'मध्ये झोया अख्तरने तेच गाणं घेतलं तेव्हा मोठा कॅमेरा आणि मोठं बजेट असूनही गल्ली तशीच ठेवावी लागली. ती काढली असती तर गाण्यात उरलं काय असतं?

पॉप आणि के-पॉप: चेहरा विकायचा, मग पाय

पॉपमध्ये चेहरा महत्त्वाचा. त्याचं टोक म्हणजे १९९० मधलं शिनेड ओ'कॉनरचं 'नथिंग कम्पेअर्स टू यू'. दिग्दर्शक जॉन मेबरी. पॅरिसच्या बागेत चालतानाचे काही शॉट्स सोडले तर व्हिडिओभर काळ्या पार्श्वभूमीवर तिचा चेहरा आणि शेवटाकडे गालावरून ओघळणारे दोन अश्रू. ते ग्लिसरिनचे नव्हते. आईची आठवण आल्याचं तिने नंतर सांगितलं. भावगीत वळणाच्या पॉप गाण्यांत एकटा चेहरा आणि काळोख ही जोडी तेव्हापासून सतत दिसते.

के-पॉपमध्ये सात-आठ चेहरे असतात, हीच अडचण. प्रत्येकाला ठरावीक सेकंद मिळाले पाहिजेत, नाहीतर चाहते मोजमाप घेऊन भांडतात. त्यावर तोडगा म्हणजे रंगीत खोल्या. प्रत्येक खोलीचा एक रंग, प्रत्येक सदस्याचा वेगळा पोशाख. त्यामुळे नवख्या प्रेक्षकालाही कोण कुठला ते लक्षात राहतं. मग मुखड्याला सगळे एकत्र नाचतात आणि त्यात एक सोपी, लक्षात राहणारी हालचाल पेरलेली असते. कोरियात तिला 'पॉइंट डान्स' म्हणतात, आपण 'हुक स्टेप'. सायच्या 'गंगनम स्टाइल'मधला घोडा हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. जुलै २०१२ मध्ये आलेला तो व्हिडिओ त्याच डिसेंबरात यूट्यूबवर १०० कोटी वेळा बघितला गेलेला पहिला व्हिडिओ ठरला. त्या व्हिडिओत साय के-पॉपच्याच झगमगाटाची टर उडवतो, हे बाहेरच्या बहुतेकांना कळलंही नाही.

मुख्य व्हिडिओनंतर आरशाच्या खोलीत, साध्या कपड्यांत, एकाच कॅमेऱ्यासमोर केलेल्या सरावाचा व्हिडिओ सोडायचा हीसुद्धा तिथली रीत आहे. संकलन नाही, झगमग नाही. म्हणजे बघा, आम्ही खरंच एवढं नाचतो.

इलेक्ट्रॉनिक संगीत

इथे गायक नसतोच किंवा त्याला तोंड दाखवायचं नसतं. दाफ्त पंकची जोडी तर हेल्मेट घालून वावरली. मग दाखवायचं काय? फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गोंद्रीने त्यांच्या १९९७ च्या 'अराउंड द वर्ल्ड'साठी प्रत्येक वाद्याला नर्तकांचा एक गट दिला. बेसला खेळाडू, गिटारला सांगाडे, ड्रम मशीनला ममी, सिंथेसायझरला जलतरणपटू मुली, आवाजाला रोबो. गाणं कसं बांधलंय ते डोळ्यांनी दिसतं. वेळ असेल तर एकेका गटावर नजर ठेवून पुन्हा बघा. ऐकलेलं गाणं वेगळं वाटायला लागेल.

मागे उभ्या बाया

जवळपास सगळ्या प्रकारांत टिकलेला एक संकेत म्हणजे सजावटीसाठी उभी केलेली बाई. गाडीच्या बॉनेटवर, तरणतलावाच्या काठावर, डीजेच्या मागे. तिला नाव नाही, ओळ नाही.

याविरुद्धचा एक ठोस प्रसंग २००४ चा. अटलांटातलं स्पेलमन हे कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचं कॉलेज. रॅपर नेली याच्या संस्थेतर्फे तिथे अस्थिमज्जादात्यांच्या नोंदणीचा कार्यक्रम होणार होता. त्याच्या 'टिप ड्रिल' या व्हिडिओत एका बाईच्या नितंबांमधून क्रेडिट कार्ड फिरवल्याचं दृश्य होतं. विद्यार्थिनींनी आधी त्यावर बोला अशी मागणी केली. कार्यक्रम रद्द झाला, पण चर्चा देशभर गेली.

अमेरिकेच्या कंट्री संगीतात हीच गोष्ट विनोदाने झाली. तिथला साचा म्हणजे पिकअप ट्रक, मातीचा रस्ता, नदीकाठ आणि तोकडी पँट घातलेली मुलगी. २०१४ मध्ये मॅडी अँड टे या जोडीने 'गर्ल इन अ कंट्री साँग'च्या व्हिडिओत ती तोकडी पँट पुरुषांना घातली आणि त्यांना तशाच लाडिक पोझ द्यायला लावल्या. बघताना हसू येतं, आणि आपण इतकी वर्षं काय बघत होतो तेही कळतं.

आपल्याकडे

भारतात म्युझिक व्हिडिओला सिनेमाच्या गाण्यापेक्षा वेगळं दिसायचं होतं. १९९४ मध्ये चॅनल व्ही आलं, पाठोपाठ एमटीव्ही, आणि इंडिपॉपचे दिवस सुरू झाले. १९९५ चं अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आठवत असेल. दिग्दर्शक केन घोष. राणी झालेली गायिका देशोदेशींच्या उमेदवारांतून वर निवडते आणि शेवटी येतो मिलिंद सोमण. सिनेमाच्या गाण्यात नायिका गायिका नसते. इथे गाणारीच नायिका झाली. फरक छोटा वाटतो, पण प्लेबॅकच्या देशात तो मोठा होता.

दलेर मेहंदीवर टीका व्हायची की त्याची गाणी मागे नाचणाऱ्या मुलींमुळे चालतात. त्याने १९९८ च्या 'तुनक तुनक तुन'मध्ये एकही मुलगी घेतली नाही. चार रंगांच्या पोशाखांत चार दलेर मेहंदी, मागे संगणकाने भरलेले डोंगर. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात तो व्हिडिओ परदेशात पंजाबी न कळणाऱ्यांनीही डोक्यावर घेतला.

मराठीत सगळ्यात घट्ट साचे लोकगीतांचे आणि भक्तिगीतांचे. व्हीसीडीच्या काळातली भक्तिगीतं बघा. हात जोडलेला गायक निळ्या-हिरव्या पडद्यासमोर गाणार, मागे देऊळ किंवा वारीची दृश्यं जोडलेली, आणि प्रत्येक मुखड्याला मूर्तीवर झूम. शूटिंगची परवानगी, प्रवास, मुक्काम या सगळ्याला बगल देण्याची ती सोय होती. आता बजेट आलं तरी मूर्तीवरचा झूम काही सुटलेला नाही. लावणीत घुंगरांचा क्लोजअप आधी आणि चेहरा मागून. कोळीगीतात होडी हवीच, गाणं हळदीचं असलं तरी.

भीमगीतांचा साचा मात्र वेगळं काही सांगतो. १४ एप्रिल जवळ आला की नवी गाणी येतात. निळे झेंडे, दीक्षाभूमी किंवा चैत्यभूमी, हातात संविधान, सूट घातलेली मुलं-मुली. त्यात गायक गर्दीच्या पुढे असला तरी गर्दीपासून तुटलेला नसतो. कॅमेरा पुन्हा पुन्हा लोकांकडे वळतो. रॅपमधली गल्ली म्हणते 'मी इथला', इथला मोर्चा म्हणतो 'आम्ही'. आणि तो सूट फॅशनसाठी नसतो, हे महाराष्ट्रातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

ती संथ चाल कशी काढतात?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. केस आणि पदर हवेत संथ उडताहेत, पण ओठ गाण्याशी अचूक जुळताहेत. हे कसं? युक्ती सोपी आहे. सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात आणि गायक त्याच वेगाने ओठ हलवतो. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चित्रं टिपतो. नंतर ती २४ च्या वेगाने दाखवली की हालचाल निम्म्या वेगाची होते आणि ओठ मूळ गाण्यावर येऊन बसतात. फोनमध्ये स्लो मोशन असेल तर घरीही करून बघता येईल. सेटवर ते चिपमंकच्या आवाजातलं गाणं ऐकताना गंभीर चेहरा ठेवणं हाच काय तो अभिनय.

कोल्डप्लेच्या २००२ च्या 'द सायंटिस्ट'मध्ये याहून अवघड काम आहे. व्हिडिओ उलटा चालतो, पण ओठ सुलटे. त्यासाठी ख्रिस मार्टिनला अख्खं गाणं उलट्या उच्चारांत पाठ करावं लागलं.

आता चौकट उभी झाली

जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केल्या. त्यानंतर व्हिडिओचं व्याकरण फोनच्या आकाराने ठरायला लागलं. पूर्वी आधी मुखवटा, मग गोष्ट, मग नाच असा क्रम चालायचा. आता पंधरा-वीस सेकंदांचा एक तुकडा आधी डोक्यात असतो आणि बाकीचा व्हिडिओ त्याच्याभोवती विणतात. हुक स्टेप कमरेच्या वर सरकली, कारण फोन समोर टेकवून एकट्याने शूट करताना पाय चौकटीत येतीलच याची खात्री नसते. २०२४ मध्ये संजू राठोडचं 'गुलाबी साडी' देशभर गेलं ते याच वाटेने. नावातच पोशाख आणि रंग ठरलेला. मराठी न येणाऱ्यांनाही रील करायला एक साडी पुरत होती.

याची चाहूल कोरियात आधीच लागली होती. ईएक्सआयडी या मुलींच्या गटाचं 'अप अँड डाउन' ऑगस्ट २०१४ मध्ये आलं आणि फारसं चाललं नाही. काही आठवड्यांनी एका चाहत्याने कार्यक्रमात फक्त हानी या एका सदस्येवर कॅमेरा धरून काढलेला व्हिडिओ टाकला. तो इतका पसरला की विस्मरणात गेलेलं गाणं पुन्हा यादीत वर चढलं. आज तिथली टीव्ही चॅनलं स्वतःच प्रत्येक सदस्याचा वेगळा उभा व्हिडिओ काढून देतात.

आता अनेक दिग्दर्शक आडवा व्हिडिओ शूट करतानाच मॉनिटरवर मधोमध दोन उभ्या रेषा आखून ठेवतात. गायक त्या रेषांच्या आत राहील असं बघायचं, म्हणजे नंतर त्याच दृश्यातून रील कापता येते. बँडचं मात्र यात नुकसान होतं. ड्रमवाला मागे, बेसवाला एका टोकाला, गिटारवाला दुसऱ्या. उभ्या तुकड्यात उरतो तो एकटा गायक, आणि कडेला कधीतरी गिटारचा दांडा.